ज्ञानूची जन्मतारीख

उपाध्ये बाईंना टीव्हीतून कुणीतरी नावानं हाक मारली, तेव्हा त्या चिंचा फोडत बसल्या होत्या. दुपारचे तीन वाजलेले, बाहेरच्या खोलीत कूलरची घरघर, आतल्या खोलीत झोपलेल्या यजमानांची, नारायणरावांची घरघर, आणि भिंतीवरच्या टीव्हीत, कोरियातल्या सुवॉन नावाच्या शहरात, ज्ञानू आपल्या ओट्याशी उभी राहून काळपट हिरवं काहीतरी ढवळत होती. बाईंचं अर्धं लक्ष चिंचोक्यांकडे होतं. आणि ढवळता ढवळता ज्ञानू म्हणाली, 'सास्तूरच्या शाळेतल्या उपाध्ये बाई, तुम्ही जिथं कुठं असाल तिथं, थँक्यू. तुम्ही नसता तर मला वाढदिवसच नसता.' खोटं कशाला बोला, बाईंना पहिल्यांदा आनंदच झाला. गॅदरिंगमध्ये स्टेजवरून नाव पुकारावं आणि चार माणसांनी मान वळवून बघावं, तसं त्यांनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा. बघायला कुणी नव्हतं. मग बत्ता तसाच हातात राहिला. सास्तूर. वाढदिवस. ज्ञानू. हे तीन शब्द एका ओळीत बसायला दोन-चार सेकंद गेले असतील. बसले, आणि बाईंनी बत्ता खाली ठेवला.

दोन वर्षं त्या ह्या मुलीला रोज बघत होत्या. मुलगी म्हणजे चाळिशीला टेकलेली बाई, पण बाईंना सगळ्या मुलीच. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने बाईंनी माळे आवरले, मग माळ्यांवर आवरण्यासारखं काही उरलं नाही. पुण्याच्या लेकानं, उत्कर्षनं, हा भला थोरला टीव्ही आणून बसवला आणि त्यात रताळ्याच्या किसाची कृती शोधता शोधता एक दिवस ही ज्ञानू निघाली. तिच्या चॅनेलचं नाव 'ज्ञानूचं कोरिया'. ती सकाळी कचरा घेऊन खाली जायची आणि कॅमेऱ्यापुढं कचऱ्याचे सहा भाग करून दाखवायची. भुयारी रेल्वेत म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या रिकाम्या बाकावर तरुण माणूस कसा मरगळला तरी बसत नाही, ते दाखवायची. थंडीच्या तोंडावर शेजारणी जमून शंभर-शंभर गड्डे कोबी खारवायच्या, त्यात ही कोपरापर्यंत लाल हात घेऊन बसलेली असायची. बाईंना हे सगळं मनापासून आवडायचं. तिथली घरं खालून तापतात, फरशीच ऊबदार असते, हे ऐकल्यावर त्यांना पहिल्यांदा परदेशाचा हेवा वाटला. त्यांची मतंही झाली होती. कोरियन लोक ताटाभोवती दहा वाट्या मांडतात ते चांगलं, पण डावं-उजवं काही नाही, लोणच्याशेजारी मासा, हे काही खरं नाही. कॉलनीतल्या बायकांना त्यांनी ओला-सुका कचरा असा काही शिकवला, की घंटागाडीवाला त्यांच्या गेटपाशी आला की गाणं बंद करायचा. नारायणराव म्हणायचे, 'सुवॉनच्या नगरपालिकेत तुमची एखादी जागा निघते का बघा.' बाई म्हणायच्या, 'निघाली तर अर्ज करीन.' आणि त्यांनी केला असता. बाईंना स्वतःबद्दल कधी शंका आली नव्हती. छत्तीस वर्षं शिकवलं, त्यात चुकलेलं एकही गणित फळ्यावर राहिलं नाही, असं त्या सांगायच्या आणि ते जवळपास खरं होतं.

ज्ञानू आपल्याच जिल्ह्यातली आहे हे बाईंना माहीत होतं. ती तसं म्हणायची, आणि न म्हणती तरी कळलंच असतं, कारण आनंद झाला की तिच्या तोंडून 'लई भारी' निघायचं आणि मग ती जीभ चावायची. पण गाव तिनं कधी सांगितलं नव्हतं. बाईंनी मनातल्या मनात तिला मुरुम गावची ठरवून टाकलं होतं, का कोण जाणे. आता रिमोटला चिंचेचा चिकटा लागू नये म्हणून पदर गुंडाळून त्यांनी व्हिडिओ मागं नेला आणि पहिल्यापासून ऐकला.

ज्ञानू म्हणत होती, आज एक जून, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस. इथल्या लोकांना सांगितलं तर हसतात. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की मास्तर एक जून लिहायचे. माझ्या शेजारणीला, मिन-जीला, हे खरंच वाटेना. इथं माणूस भेटला की आधी वय विचारतात, कारण वयावरून ठरतं, कोण कुणाला कसं बोलायचं. मी सत्त्याऐंशी सालची, ती अठ्ठ्याऐंशीची, म्हणून ती मला ऑन्नी म्हणते, ताई. आधी तर इथं जन्मल्यावरच एक वर्षाचे धरायचे, दोन वर्षांपूर्वी सरकारनं कायदा बदलला आणि सगळा देश एका फटक्यात लहान झाला. (हा व्हिडिओ बाईंनी तेव्हा पाहिला होता आणि खूप हसल्या होत्या.) आणि हे सूप आहे मियोकगुक, समुद्रातल्या शेवाळाचं. बाळंतिणीला देतात. आणि मग ते मूल मोठं झाल्यावर दरवर्षी वाढदिवसाला हेच खातं. का, तर आपण जन्मलो तेव्हा आईनं हे खाल्लं होतं, त्याची आठवण. इथं ज्ञानूनं गॅस बारीक केला. मी आठ वर्षं हे एक जूनला करते, म्हणाली. माझा खरा दिवस मला माहीत नाही. घरची सात माणसं भूकंपात गेली, मी एकटी निघाले. मामानं वाढवलं, त्याला इतकंच ठाऊक की पावसाळ्यात कधीतरी. मी तिसरी मुलगी, माझ्या वेळेला आईला कोण माहेरी पाठवतंय बाळंतपणाला! माझी आई तेव्हा काय जेवली असेल, सांगायला कुणी नाही. पण शाळेतल्या बाईंनी एक तारीख दिली. काहीच नसण्यापेक्षा ती बरी. आणि मग ते थँक्यू, आणि मग ती वाटी दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्यापुढं धरणं. बाईंनी टीव्ही बंद केला. काळ्या काचेत त्यांना स्वतःचं डोकं दिसलं, कूलरच्या वाऱ्यानं केस उभे राहिलेले.

काहीच नसण्यापेक्षा बरी! बाई उठल्या, हात धुतले, पुन्हा येऊन बसल्या. त्र्याण्णवचा जून त्यांना असा लख्ख दिसायला लागला, की त्या स्वतःवरच चिडल्या. सास्तूरच्या शाळेत त्या सर्वांत नव्या शिक्षिका. पहिलीचा पट चाळीस झाला नाही तर एक शिक्षक जादा ठरणार, आणि जादा ठरणार म्हणजे उपाध्ये बाई ठरणार, आणि पार परांड्याच्या टोकाला एखाद्या वस्तीवर जाणार. घरी वर्षाचा उत्कर्ष, सासर तुळजापूरला, नवरा धाराशिवच्या कोर्टात कारकून. बाईंनी वाडी-वस्ती पालथी घालून एकोणचाळीस पोरं गोळा केली होती. दाखल करण्याची रीत सोपी होती. पोरानं उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. तारीख एक जून. शेवटच्या दिवशी गौराबाई आली, शेतावर जाता जाता, डोक्यावर भाकरीचं टोपलं, बोटाला ही ज्ञानू. काळी, गोबरी, नाकात शेंबूड, डोळे मात्र सगळ्या खोलीवर फिरणारे. 'घ्या हिला, बाई,' गौराबाई म्हणाली, 'बांधावर बसून बसून माती खाती.' पोरीनं हात डोक्यावरून नेला. बोटं कानाच्या वर चांगली दोन बोटं राहिली. पुन्हा नेला, पुन्हा राहिली. मग बाईंनी काय केलं? बाईंनी तिचं कोपर धरलं, दुसऱ्या हातानं तिचं डोकं हलकंच दाबलं आणि कान वर ओढून तिच्या बोटांत दिला. पोरगी हसायला लागली, तिला तो खेळ वाटला. गौराबाई पण हसली. 'अहो, येत्या पोळ्याला कुठं पाच भरत्यात तिला,' ती म्हणाली. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिशीची हाय.' 'असू द्या,' बाई म्हणाल्या, आणि लिहिलं, एक जून एकोणीसशे सत्त्याऐंशी. चाळीस पूर्ण झाले. त्या दिवशी शाळेत दुसरं काम नव्हतं. दोघी थोडा वेळ बोलत बसल्या, बाळंतपणाच्या गोष्टी. बाईंचं बाळंतपण ताजं होतं, सासूनं सव्वा महिना लोणच्याच्या फोडीला शिवू दिलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. गौराबाईनं तिचं सांगितलं. ते सांगताना ती इतकी हसली, की टोपलं डोक्यावरून उतरवून खाली ठेवावं लागलं.

इथपर्यंत झालं तेही बाईंनी खपवून घेतलं असतं. त्या काळी सगळेच करत होते. मास्तर लोकांनी वर्षानुवर्षं गावंच्या गावं एका दिवशी जन्माला घातली, आणि पुढं एकतीस मेला ऑफिसंच्या ऑफिसं एका दिवशी निवृत्त झाली. त्यात एका पोरीचं काय. पण आठवण तिथं थांबेना. भूकंपानंतर दीड महिन्यानं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायला लागली होती. रजिस्टर ढिगाऱ्यातून निघालं होतं, कडा ओल्या, आत माती, पण अक्षर शाबूत. बाई गणपतीच्या सुट्टीला तुळजापूरला होत्या म्हणून वाचल्या होत्या आणि पटावरच्या चाळीसपैकी किती नावांवर रेघ मारायची, ते रोज कुणी ना कुणी येऊन सांगत होतं. तेव्हा बार्शीहून तो मामा आला. पोरगेलासा, अंगात बुशशर्ट, वय असेल बावीस-तेवीस. म्हणाला, भाचीला तिकडं शाळेत घालायचंय, दाखला पायजे. पोरगी बाहेर विटांच्या थप्पीवर बसली होती, कपाळावर पट्टी. बाईंनी दाखल्याचं पुस्तक उघडलं. जन्मतारीख अंकी. जन्मतारीख अक्षरी. आणि अक्षरी लिहिताना त्यांचा हात थांबला होता. हे त्यांना नक्की आठवत होतं, कारण 'एक' लिहून 'जून' लिहायच्या आधी शाईचा ठिपका पडला होता आणि त्यांनी तो टिपकागदानं टिपला होता. त्या थांबण्यात सगळं होतं, पोळा, टोपलं, हसणं. बाईंनी मान वर केली असती आणि म्हटलं असतं, अहो, हिची आई मला म्हणाली होती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. एवढं एक वाक्य. कागदावर एक जूनच राहू द्यायचा, पण तोंडी सांगायला काय जात होतं? मामानं ते उचलून नेलं असतं. बाईंनी 'जून' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. पोरीला चॉकलेटही दिलं नाही. शेडमध्ये चॉकलेट कुठलं असायला!

चार दिवस बाईंनी टीव्ही लावला नाही. चिंचा फोडून झाल्या, मीठ लावून बरणीत भरल्या, बरणीला फडकं बांधलं. शेजारच्या हर्षालीनं कुंपणावरून विचारलं, 'काकू, तुमच्या कोरियाचं काय चाललंय?' तर बाई म्हणाल्या, 'चाललंय त्यांचं.' रात्री झोप लागायची, बाईंना झोप न लागणं माहीतच नव्हतं, पण सकाळी जाग आली की आधी शाईचा तो ठिपका समोर यायचा आणि मग दिवस. त्यांना दुःख होत होतं असं नाही, राग येत होता. आपण काही वाईट बाई नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ढिगाऱ्यातून पोरांना हुडकून शेडमध्ये आणून बसवणाऱ्या त्याच होत्या. दोन वर्षं पगारातून पाट्या-पेन्सिली आणणाऱ्याही त्याच. मग हे एक वाक्य कुठं अडकलं होतं? त्या स्वतःलाच वर्गात उभं करून विचारत होत्या आणि उत्तर येत नव्हतं. विसरून गेलो असतो तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटलं. मग वाटलं, नाही, विसरलो असतो तर ते वाक्य जगातच राहिलं नसतं. ते आता फक्त एका डोक्यात आहे, आणि त्या डोक्याला बीपीची गोळी चालू आहे.

पाचव्या दिवशी नारायणरावांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, 'काय झालंय? कोरियाशी संबंध तोडले का?'

बाईंनी सांगितलं. सगळं, कोपरापासून ठिपक्यापर्यंत. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती आणि ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला कधी सांगितली नव्हती. लपवायची म्हणून नव्हे, सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नव्हतं. नारायणराव ऐकत होते. कोर्टात चाळीस वर्षं लोकांचे जबाब उतरवलेला माणूस, मध्ये बोलायची त्यांना सवय नव्हती.

'मग आता?' ते शेवटी म्हणाले.

'आता काय. पोळा कधी होता तेवढं काढून द्या मला. अठ्ठ्याऐंशीचा.'

'एवढं सोपं आहे होय? अगं, ती तिकडं सुखात आहे. तुझे उपकार मानतीय. तिला जाऊन सांगायचं, की तू ज्यांचे उपकार मानतेस त्यांनीच...'

'हो. तेच सांगायचं.'

'तारीख नुसती कळव की. बाकीचं कशाला उगाळायचं?'

'अहो, नुसती तारीख कळवली तर ती विचारणार नाही का, बाई, इतकी वर्षं कुठं होतात?'

नारायणरावांनी बशी बाजूला सारली. ते उठले आणि लोखंडी ट्रंक ओढली. तुळजापूरच्या भिक्षुक घराण्यातला मुलगा कोर्टात गेला, पण पंचांगं त्यानं टाकली नाहीत. जुन्यात जुनं त्यांच्या वडिलांच्या हातचं, कडेला शाईनं लोकांच्या मुहूर्तांच्या नोंदी केलेलं. ते चष्मा कपाळावर सारून एकेक वर्ष बाजूला ठेवत गेले आणि बाई पाठीशी उभ्या राहिल्या. शके एकोणीसशे दहा. श्रावण वद्य अमावास्या. 'पोळा शनिवारी,' नारायणराव म्हणाले, 'दहा सप्टेंबर. म्हणजे तुमची पोरगी अकरा सप्टेंबर, रविवार.' मग बोट त्याच ओळीवर ठेवून ते जरा घुटमळले. 'किती वाजता झाली, काही म्हणाली होती?'

'दिवस उगवताना.'

'मग अमावास्याच लागते. रविवारी दहा-सव्वादहापर्यंत आहे अमावास्या.' त्यांनी पंचांग मिटलं. 'तेवढं नको सांगूस. उगीच पोरीच्या मनात.'

'मी आता तिचं काहीही वगळणार नाही,' बाई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. 'ना अमावास्या, ना दुसरं काही. एकदा वगळलं तेवढं पुरे.'

बाईंना वाटलं होतं, व्हिडिओखाली लिहावं आणि आपला फोन नंबर द्यावा. त्यावर नारायणराव भडकले, जगाला नंबर वाटायला हे काय हळदीकुंकवाचं आमंत्रण आहे का म्हणाले. व्हिडिओखाली ज्ञानूचा ई-मेल दिलेला होता, तो त्यांनी शोधला आणि एका बोटानं टाइप करत बसले. बाईंनी तीनच वाक्यं सांगितली, आणि खाली फोन नंबर. मी सास्तूरची उपाध्ये बाई, आता धाराशिवला असते. तुझी आई गौराबाई हिनं तुझा जन्मदिवस मला सांगितला होता. सवड झाली की फोन कर, बरंच बोलायचं आहे. नारायणरावांनी चौथं वाक्य सुचवलं, कळावे, लोभ असावा. बाई म्हणाल्या, 'लोभाचं तिला ठरवू द्या.'

रविवारी सकाळी साडेदहाला फोन आला. बाईंनी आदल्या दिवशीच एका कागदावर टाचण काढून ठेवलं होतं, पाठाला काढायचे तसं, मुद्दे एकाखाली एक. फोनच्या काचेत ज्ञानूचा चेहरा आला तर तो रोजचाच, पण त्यावर व्हिडिओतलं हसू नव्हतं, आणि मागं तो ओटाही नव्हता, नुसती पांढरी भिंत. 'बाई,' ती म्हणाली. बाईंना तिच्या गोबऱ्या गालांत विटांच्या थप्पीवरची पोरगी आता कुठं दिसली. दोन वर्षं कशी दिसली नाही?

'आधी ऐक,' बाई म्हणाल्या. 'मग काय बोलायचं ते बोल. तुझा हात कानाला पोचत नव्हता. मी पोचवला. कोपर धरून. मला पटावर चाळिसावं पोर हवं होतं, नाहीतर माझी बदली होत होती. तू पाच वर्षांचीसुद्धा नव्हतीस. तुझ्या आईनं खरा दिवस सांगितला, तो ऐकूनही मी एक जून लिहिला. हे पहिलं.'

'खरा दिवस कुठला, बाई?'

'पोळ्याचा दुसरा दिवस. अकरा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, रविवार, दिवस उगवताना. अमावास्या होती.'

ज्ञानूनं तोंडावर हात ठेवला. मग ओरडली, 'रुद्रेश! अरे, इकडं ये!' नवरा असावा, पडद्यात एक दाढीवाला गाल आला आणि गेला. 'अकरा सप्टेंबर!' ती त्याला सांगत होती. 'मी सव्वा वर्षानं लहान झाले! अठ्ठ्याऐंशी! मिन-जीच्याच सालची की मी!' आणि ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसतेय. 'बाई, इथं एका सालचे असले तरच मैत्रीण म्हणतात एकमेकीला. आठ वर्षं ती मला ताई म्हणून वाकून बोलतीय. लई भारी! तिला आजच सांगते.' बाईही हसल्या. टाचणातले अर्धे मुद्दे झाले होते आणि त्यांना वाटलं, झालं, निभावलं.

तेवढ्यात ज्ञानू थांबली. डोळे पुसले. 'मामा दाखला न्यायला आला होता,' ती सावकाश म्हणाली. 'तो तुम्हीच लिहिला ना? मला आठवतंय, पत्र्याचं होतं सगळं. लिहिताना तुम्हाला हे आठवत होतं?'

'होतं.'

'मग मामाला का नाही सांगितलं?'

टाचणावर हे होतं. दुसरा मुद्दा म्हणून लिहिलेलंही होतं, आणि पुढं कागद कोरा होता. नारायणराव दारात उभे होते, ते आत निघून गेले. 'मी केलेली लबाडी झाकली गेली होती,' बाई म्हणाल्या. 'ती माझ्याच तोंडानं उघडी झाली असती, म्हणून नाही सांगितलं. दुसरं एखादं चांगलं कारण असेल म्हणून पाच-सहा दिवस शोधलं. सापडलं नाही. माझं चुकलं, ज्ञानेश्वरी.' हे शेवटचं वाक्य साठ वर्षांत त्यांनी कुणाला म्हटलं असेल तर त्यांना आठवत नव्हतं. म्हटल्यावर काही पडलं नाही, काही मोडलं नाही.

'राग आलाय मला, बाई,' ज्ञानू म्हणाली.

'येऊ दे.'

'आठ वर्षं मी ते सूप करतीय. पिताना दरवेळी वाटतं, आई काय जेवली तेही माहीत नाही, आपण कशाच्या आठवणीनं पितोय.' तिनं नाक ओढलं. 'आई आणखी काय म्हणाली होती? तुम्ही लिहिलंत, बरंच बोलायचंय म्हणून.'

बाईंनी टाचण उलटं करून ठेवलं. आयुष्यभर त्यांनी पोरांची 'हाय' आणि 'न्हाय' खोडून 'आहे' आणि 'नाही' लिहिलं होतं, घरातही त्यांची भाषा धुतलेली, इस्त्री केलेली. पण हे वाक्य त्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्या भाषेत नव्हतंच. त्यांनी एकदा घसा साफ केला आणि गौराबाईच्या बोलीत, तिच्याच वेगानं बोलायला लागल्या. 'पोळ्यादिशी सकाळपासनं चुलीम्होरं हाय मी, बाई. दोन पायल्याचं पुरण वाटलं, टोपलंभर पोळ्या लाटल्या. समद्यास्नी वाढलं. म्हनलं आता आपुन बसावं, तर ताटावर बसले अन् हिच्या कळा! घास बी तोंडात गेला न्हाय. रातभर कळा, अन् दिस उगवायला ही झाली. सासू म्हनली, आता बाळंतीण, पुरण न्हाय मिळायचं. ती टोपली डोळ्याम्होरं, समदी जनं दुधासंगं पोळी चापत्यात, अन् मी आपली शेपूची भाजी अन् बाजरीची भाकर चावतीय. म्या हिच्याकडं बघितलं अन् म्हनलं, बये, एक घास थांबली असतीस तर तुझं काय जात हुतं? तर ही बया हसली, बाई! एका दिसाची, अन् लई हसली माझ्याकडं बघून!'

पडद्यात नुसता केसांचा भांग दिसत होता, ज्ञानूनं डोकं टेबलावर टेकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. बाई समजूत घालायला गेल्या नाहीत. त्या फोन धरून बसल्या.

'शेपू,' ज्ञानूनं डोकं वर न करताच म्हटलं. 'शेपू आणि बाजरी.' मग वर बघितलं. 'बाई, पुन्हा म्हणा. पहिल्यापासून.'

बाईंनी पुन्हा म्हटलं.

'थांबा, मी वही आणते.' ती उठून गेली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कपाट उघडल्याचा आला. परत आली तेव्हा हातात वही होती आणि पेन उघडलेलं. 'आता सावकाश सांगा. मी लिहून घेते.'

उपाध्ये बाई पाठ ताठ करून बसल्या, आणि श्रुतलेखन घालताना घालायच्या तसा एकेक शब्द सोडायला लागल्या. 'पोळ्यादिशी... सकाळपासनं... चुलीम्होरं...' ज्ञानूचं पेन चालता चालता अडखळलं आणि काहीतरी खोडायला निघालं, तसं बाईंनी काचेवर टकटक केलं.

'खोडू नकोस,' त्या म्हणाल्या. 'ती बोलली तसंच लिही.'